सुई शून्यावर, इंजिन गाळात

मित्रांनो, मला पाहून पुष्कळ लोक मला घड्याळ समजतात. गोल तोंड, वर काच, आत आकडे आणि एक लांब सुई. कोणी खालून विचारतो, "किती वाजले हो?" मग त्याला दिसते की सुई शून्यावर उभी आहे. "बंद पडलंय वाटतं," असे म्हणून तो निघून जातो. मी बंद पडलेलो नाही आणि घड्याळ तर मुळीच नाही. मी ओझी तोलणारा एक जुना लटकता काटा आहे. माझ्या डोक्यावर कडी आहे, पायाच्या जागी हूक आहे आणि पोटात मनगटाएवढी जाड स्प्रिंग आहे. हुकाला ओझे अडकवले की स्प्रिंग ताणली जाते, सुई फिरते आणि खालचा माणूस मान वर करून आकडा वाचतो. एवढेच माझे काम. पण या एवढ्याशा कामात मी जे पाहिले, ते तुम्हांला सांगावेसे वाटते.

माझा जन्म काट्यांच्या कारखान्यात झाला. तिथे एक बाई स्प्रिंगा वळत असत. लालभडक तापलेली सळी त्या गजाभोवती वेटोळे घालत गुंडाळायच्या आणि तेलात बुडवायच्या. चर्र आवाज व्हायचा, धुराने खोली भरायची. स्प्रिंग थंड झाली की त्या तिला हातोडीने टिचकी मारल्यासारखे ठोकून कान लावत. नाद पसंत पडला नाही तर स्प्रिंग भंगारात जाई. माझ्या स्प्रिंगला त्यांनी एकदाच ठोकले आणि म्हणाल्या, "ही चिवट आहे. हिला ताणा हवं तेवढं."

मग मला टांगून लोखंडाचे ठोकळे एकेक करून अडकवले. प्रत्येक ठोकळ्याला सुई जिथे थांबली, तिथे रंगाऱ्याने बारीक कुंचल्याने रेघ ओढली. शेवटी तबकडीच्या मधोमध त्याने सुबक अक्षरांत लिहिले, 'किलो'. तेव्हा मला त्या शब्दाचा केवढा अभिमान वाटला! हाच शब्द पुढे मला खाली मान घालायला लावील, हे मला काय ठाऊक?

भुशाने भरलेल्या खोक्यातून मी एका नदीकाठच्या शेडमध्ये आलो. तिथे बोटी दुरुस्त होत. वर पत्रे होते, खाली सिमेंटचा उतार थेट पाण्यात गेलेला होता. उताराच्या एका बाजूला दगडी धक्का होता आणि धक्क्यावर जाड लाकडी खांब. पाणी ओसरले की उताराच्या पायथ्याशी कमरेएवढा गाळ उरे. छताखाली एक लांब लोखंडी तुळई होती. तिच्यावरून चाकांचा एक गाडा पुढेमागे सरके. त्या गाड्यावरून तारेचा दोर खाली येई आणि त्याचे दुसरे टोक विंच म्हणजे दोर ओढणाऱ्या यंत्राच्या पिंपाला गुंडाळलेले असे. दोराच्या टोकाला मला बसवले. म्हणजे जे जे उचलायचे, ते माझ्या हुकाला लागून.

शेड नवरा-बायकोची होती. बायकोला सगळे वहिनी म्हणत. त्यांच्या वडिलांच्या वयाची माणसेसुद्धा वहिनीच म्हणत. विंच त्या चालवत. सासऱ्यांनी त्यांना ती शिकवली होती आणि जाताना सांगितले होते, "सूनबाई, ब्रेकवर हात आणि काट्यावर डोळा." वहिनींनी ते कधी मोडले नाही. उचलण्याआधी त्या माझ्याकडे बघत, उचलताना बघत, आणि उतरवून झाले की फडक्याने माझी काच पुसत. मित्रांनो, रोज कोणीतरी आपल्याकडे इतके निरखून बघते, हे सुख काही लहान नाही.

नवऱ्याला सगळे पहिलवान म्हणत. त्याने आखाड्याचे तोंडही पाहिले नव्हते, पण देहच तसा होता. दारातून येताना त्याला खांदे तिरके करावे लागत. त्याच्या हाताचा अंदाज असा, की बोटीचा एखादा पंखा किंवा नांगर नुसता हलवून तो वजन सांगे आणि मग मला विचारी. बहुतेक वेळा मी त्याच्याच बाजूने साक्ष देई. तेव्हा तो माझ्याकडे बघून मिशीतल्या मिशीत हसे आणि म्हणे, "आपण दोघंच खरे. बाकी सगळे अंदाजपंचे."

एक खोड मात्र त्याला होती. लटकलेले ओझे झोका घेऊ लागले की तो पुढे होऊन अंगावर थोपवायचा. कधी तळव्यांनी, कधी खांद्याने, कधी पाठ लावून. वहिनी म्हणत, "अहो, दोन बाजूंना दोर बांधा आणि लांबून धरा ना!" त्यावर त्याचे उत्तर ठरलेले, "अगं, लटकलं की हत्तीसुद्धा पोर होतो. पोराला काय दोरीनं बांधायचं?"

पहिलवानाचा धाकटा भाऊ पलीकडच्या काठावरच्या शाळेत विज्ञान शिकवी. त्याला सगळे मास्तर म्हणत. सुट्टीच्या दिवशी तो फेरीबोटीने येई, चहा पिई आणि वाद घाली. भावाभावांचा जीव एकमेकांत, पण एकमत म्हणून कधी होऊ द्यायचे नाही, असे जणू ठरलेले.

एकदा दुरुस्त झालेली एक बोट आम्ही पाण्यात सोडत होतो. उतारावर ती माझ्या हुकाला होती तोवर माझी स्प्रिंग कण्हत होती. मग बोटीचा तळ पाण्याला लागला. जसजशी ती बुडत गेली, तसतशी माझी सुई मागे मागे सरकली आणि शून्यावर येऊन थांबली.

"बघा!" पहिलवान म्हणाला. "आत्ता एवढी जड होती, आता फुलासारखी." त्याने बोटीच्या कडेला एक बोट लावले आणि रेटत राहिला. काही वेळाने अख्खी बोट धक्क्यापासून हळूहळू दूर सरकू लागली. "एका बोटानं बोट!" हा त्याचा जुना विनोद होता. वहिनींना तो पाठ झाला होता, तरी त्या दर वेळी हसत.

"फुलासारखी झालेली नाही, दादा," मास्तर म्हणाला. "तिचं वजन आहे तेवढंच आहे. फक्त आता ते पाणी पेलतंय. म्हणून काट्याला जाणवत नाही."

"काट्याला जाणवत नाही, मला जाणवत नाही. मग आहे कुठं ते?"

"बरं, वजन ठेव बाजूला. वस्तुमान तरी..."

"आलं याचं वस्तुमान!" पहिलवानाने वहिनींकडे वळून विचारले, "अगं, आपल्याकडं वस्तुमान कुठं ठेवलंय? ग्रीसच्या डब्यामागं आहे का बघ जरा."

मास्तर हसला, पण मागे हटला नाही. "वजन म्हणजे पृथ्वीची ओढ. ती खाली खेचते. आणि वस्तुमान म्हणजे त्या बोटीत एकूण माल किती भरलाय ते. लोखंड, लाकूड, खिळे, सगळं धरून. ओढ दुसऱ्या कुणी पेलली म्हणून माल कमी होत नाही. आणि माल जेवढा जास्त, तेवढी वस्तू हट्टी. उभी असली तर हलायला कुरकुरते आणि एकदा चालायला लागली की थांबायला कुरकुरते."

"म्हणजे थेट तुझ्यासारखी," पहिलवान म्हणाला. "सकाळी उठायला कुरकुर आणि तोंड सुरू झालं की थांबायला कुरकुर."

वहिनींना चहाचा ठसका लागला. मास्तराने मग आपला मोर्चा माझ्याकडे वळवला. "आणि हा तुमचा लाडका काटा. याच्या तोंडावर किलो लिहिलंय. किलो हे वस्तुमानाचं माप. हा मोजतो ओढ, तिचं माप न्यूटन. म्हणजे बिचाऱ्याच्या तोंडावरच चूक छापलीय."

मित्रांनो, त्या क्षणी मला दोर सोडून पाण्यात उडी घ्यावीशी वाटली. इतकी वर्षे मी खरा म्हणून मिरवलो, आणि माझ्या कपाळावरच खोटे! पण वहिनींनी मला सावरून घेतले. "भावजी, आपल्या शेडमध्ये पृथ्वीची ओढ आज एक, उद्या एक अशी बदलते का हो?"

"नाही."

"मग ओढीवरून माल ओळखता येतो की. किलो म्हटलं तर कुठं बिघडलं?"

"एका जागी असेपर्यंत नाही बिघडत," मास्तराने कबूल केले. वहिनींनी उठून माझी काच पुसली. मला बरे वाटले.

अशी वर्षे गेली. मग तो दिवस आला.

फेरीबोटीचे इंजिन खडखडू लागले होते. दोन्ही काठांची माणसे याच एका बोटीने ये-जा करत, म्हणून काम लवकर उरकायचे होते. बोट चालवणारे काका सकाळीच बोट उतारावर लावून, "माझं इंजिन लेकरासारखं सांभाळा," असे सांगून चहाला गेले. शाळेला सुट्टी होती, म्हणून मास्तरही हात लावायला आला होता, तोही इस्त्रीचा शर्ट घालून. नदीचे पाणी त्या दिवसांत बरेच मागे गेले होते आणि पायथ्याचा गाळ उघडा पडला होता.

इंजिन माझ्या हुकाला लावले. वहिनींनी विंच सुरू केली. ओझे जागचे उचलले जाते तेव्हा पहिला हिसका बसतो आणि माझी सुई क्षणभर पुढे उडी मारून मागे येते. तशी ती आली आणि स्थिर झाली. आकडा बराच मोठा होता, पण माझ्या आवाक्यातला होता. इंजिन बोटीबाहेर आले. बोट खाली पाण्याकडे सरकवून दिली. आता इंजिनाखाली नुसता गाळ होता आणि इंजिन न्यायचे होते धक्क्यावर. तिथे मास्तर त्याच्यासाठी लाकडी बैठक मांडत होता. बैठकीच्या फळ्यांमध्ये एक पाय आणि पाठीशी खांब, असा तो वाकून उभा होता.

"दोर बांधा आधी," वहिनी विंचवरून म्हणाल्या.

"एवढंसं तर न्यायचंय," पहिलवान म्हणाला आणि गाळावर टाकलेल्या फळीवर उभा राहून त्याने इंजिनाला खांदा लावला.

वरचा गाडा गंजाने अडला होता. पहिलवान रेटे, इंजिन पुढे झुके, पण गाडा हलेना. त्याने दम घेतला आणि सगळे अंग घातले. गंज सुटला. गाडा किंचाळत तुळईवरून धावला आणि टोकाच्या अडसरावर धाडकन आदळून थांबला.

गाडा थांबला, पण इंजिन थांबले नाही.

ते काही वाऱ्यासारखे सुटले नव्हते. माणूस भरभर चालतो तेवढ्याच वेगाने ते मास्तराकडे निघाले होते. म्हणून तर पहिला क्षण कोणालाच भीती वाटली नाही. मास्तराने मान वर केली, पाय काढू पाहिला, तो फळ्यांत अडकला. तेवढ्यात पहिलवान दोन ढांगांत धक्क्यावर चढून मध्ये उभा राहिला आणि त्याने नेहमीसारखे दोन्ही तळवे पुढे केले.

मी वरून बघत होतो. त्याचे हात कोपरांत वाकले. मग खांदा वाकला. काहीतरी कट्कन वाजले, आणि तो एवढा थोरला माणूस भावाच्या अंगावर ढकलला गेला. इंजिनाने दोघांना खांबापाशी दाबले आणि ते मागे फिरले. आणि माझी सुई? मित्रांनो, त्या धडकेने माझी सुई जराही दचकली नाही. मला फक्त खालची ओढ कळते. आडवे येणारे काय असते, ते माझ्या तबकडीवर लिहिलेलेच नाही.

इंजिन झोका घेत गाळाकडे गेले. ते परत येणार होते.

"भावजी, पाय काढा!" वहिनी ओरडल्या. पाय निघत नव्हता. पहिलवान गुडघ्यावर बसला होता, त्याचा डावा हात लोंबत होता, आणि तरीही भावापुढे बसून तो उजवा हात वर करत होता. पुन्हा थोपवायला.

"हात खाली घ्या!" वहिनींचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

त्यांनी माझ्याकडे बघितले नाही. आयुष्यात पहिल्यांदाच काट्यावर डोळा नव्हता. त्या इंजिनाकडे बघत होत्या. झोका संपतो तिथे ओझे निमिषभर थबकते, तुम्ही झोपाळ्यावर अनुभवले असेल. इंजिन गाळावर गेले, तिथे तसे थबकले, आणि वहिनींनी ब्रेक सोडून दिला.

विंचचे पिंप भणाणले. इंजिन पडले आणि त्याच्याबरोबर मीही पडलो.

पडताना माझी सुई सरसर मागे आली आणि शून्याला जवळजवळ टेकली. माझ्या हुकाला तेच इंजिन होते. त्यातला एक नटही कमी झाला नव्हता. पृथ्वी त्याला पूर्वीइतकीच ओढत होती. पण मला वरून धरणारे कोणी नव्हते. आम्ही दोघे एकाच वेगाने खाली चाललो होतो, तर माझी स्प्रिंग ताणणार कोण? म्हणून शून्य. आणि त्या शून्याने गाळात केवढा खड्डा पाडला म्हणता! चिखलाचे सपकारे छताच्या पत्र्यापर्यंत उडाले. इंजिन अर्धेअधिक आत रुतले आणि मी त्याच्यावर तोंडावर आपटलो. काच तडकली.

वहिनी ब्रेकचा दांडा घट्ट धरून उभ्या होत्या. मग धक्क्यावरून मास्तराचा आवाज आला, "वहिनी, आम्ही आहोत," आणि त्या धावल्या.

पहिलवानाचा हात मोडला होता, डावा तळवा फाटला होता, खांदा निखळला होता आणि बरगड्यांना मार बसला होता. मास्तराचा पाय मुरगळला होता, एवढेच. डॉक्टरांनी पहिलवानाला बघून विचारले म्हणे, "कशानं धडक दिली? ट्रकनं?" तो म्हणाला, "नाही हो. इंजिननं. तेही बंद असलेल्या."

फेरीबोटीचे काका आले तेव्हा इंजिनाची फक्त वरची टोपी चिखलाबाहेर दिसत होती. ते कपाळाला हात लावून मट्कन खाली बसले. "वहिनी, लेकरासारखं सांभाळा म्हटलं होतं मी!"

"हो, म्हटला होतात," वहिनी म्हणाल्या. "मी टाकलं ते. मुद्दाम टाकलं. इंजिन धुता येतं, काका. माणूस उघडून, धुऊन, पुसून परत बसवता येत नाही."

काकांनी खांबाजवळचे रक्त पाहिले. धोतर खोचतात तशी त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि स्वतः गाळात उतरले.

इंजिन बाहेर निघाले, सुटे झाले, धुतले गेले. वहिनी आणि काका त्यालाच लागले होते, आणि तोवर माणसे लहान होड्यांतून पलीकडे जात होती. मला मात्र कोणी विचारले नाही. सुई वाकली होती. हुकाला काही नसतानाही ती भलताच आकडा दाखवी. रिकाम्या पोटी ओझे सांगणारा काटा कोणाला हवा? मला फळीवर, रंगाच्या वाळलेल्या डब्यांशेजारी ठेवले. धूळ बसली. एका कोळ्याने माझ्या कडीत जाळे विणले. मित्रांनो, खोटे बोलत नाही, मला वाईट वाटले. पण त्या शेडमध्ये माझ्याहून खिन्न असे आणखी कोणीतरी होते.

पहिलवान गळ्यात हात बांधून रोज एका रिकाम्या पिंपावर येऊन बसे. पूर्वी माणसे येत ती सरळ त्याच्याकडे जात. आता ती त्याला "कसं आहे?" एवढे विचारत आणि कामाचे वहिनींशी बोलत. एका दुपारी तो म्हणाला, "माझं वजन संपलं गं या शेडमधलं. आता मला कोण विचारतंय?"

वहिनी इंजिनाचा पाना फिरवत होत्या. त्यांनी वरही बघितले नाही. "वजनाचं मला माहीत नाही. पण भावजी सांगतात ना, ते वस्तुमान, ते तुमचं शाबूत आहे. सकाळपासून त्या पिंपावरून उठवतेय. हलवून हलत नाही."

पहिलवान बरगड्या दुखतात म्हणून हसू दाबू लागला आणि ते दाबता येईना. "हसवू नकोस गं, दुखतंय!" तो कळवळला, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग खरोखरच उठला. एका हाताने काय करता येईल ते शोधत फळीपाशी आला आणि त्याने मला खाली घेतले.

त्या दिवसापासून मी त्याच्या मांडीवर होतो. पाठीचे स्क्रू त्याने एका हाताने काढले. मला गुडघ्यांत धरून चिखल टोकरला. सुई इतक्या हळुवारपणे सरळ केली, की ही तीच बोटे का, असा मला प्रश्न पडला. नवीन काच कापून घेतली. मास्तर पाण्याचे डबे भरभरून देऊ लागला. "लिटरभर पाणी म्हणजे किलोभर," तो म्हणाला. डबे एकेक करून अडकवले गेले आणि माझी सुई जुन्याच रेघांवर बरोबर थांबत गेली. स्प्रिंग वळणाऱ्या त्या बाईंनी सांगितले होतेच, चिवट आहे!

"हा बरा झाला," पहिलवान म्हणाला. मग जरा थांबून, "आता मला ते दाखव."

"काय?"

"ते, जे मला त्या दिवशी दिसलं नाही."

वरच्या गाड्याला तेल घालून वहिनींनी दुरुस्त झालेले इंजिन जमिनीपासून वीतभरच उचलले. खाली आणि चहूबाजूंना जुने टायर रचले. मी वर होतो, माझी सुई ठाम. मास्तर म्हणाला, "एक बोट लाव आणि रेटत राहा." पहिलवानाने रेटले. आधी काहीच झाले नाही. मग इंजिन इंचभर सरकले, आणखी जरा सरकले. "आता ओढून थांबव." त्याने इंजिनाला बांधलेला दोर चांगल्या हाताने खेचला. इंजिन थांबले नाही, उलट त्यालाच एक पाऊल ओढून नेले आणि मग सावकाश थांबले.

"सुई बघ," मास्तर म्हणाला. "ढकलताना तेवढीच, थांबवताना तेवढीच. ती खालची ओढ सांगते. तुला जे खेचतंय ते वेगळं आहे."

"पण बोटानं हललं ना? मग बोटानं थांबायला पाहिजे."

"थांबेल की. जेवढा वेळ बोटानं ढकललंस, तेवढा वेळ बोटानं अडवायला लागेल. त्या दिवशी तू सगळं अंग घालून ढकललं होतंस. आणि थांबवायला तुझ्याकडं वेळ किती होता? तुझ्या आणि माझ्या मध्ये हातभर जागा होती." मास्तराने खांबाकडे बोट केले. "मलाही सगळे शब्द येत होते, दादा. तरी खांबाला पाठ लावून मीच उभा होतो. आणि मध्ये तू आलास."

पहिलवानाने चांगल्या हाताने भावाच्या टाळक्यात एक टपली मारली. तो विषय दोघांनी तिथेच संपवला.

फेरीबोट पुन्हा सुरू झाली. काकांनी पहिल्या फेरीला वहिनींना पुढे बसवले आणि सगळ्या प्रवाशांना ओरडून सांगितले, "यांनीच माझं इंजिन गाळात घातलं होतं बरं का!" असे सांगताना त्यांची छाती अभिमानाने फुगली होती, ती कशासाठी ते प्रवाशांना कळले नाही. शेडमध्ये आता कोणतेही ओझे दोन बाजूंना दोर बांधल्याशिवाय हलत नाही. दोर बांधण्याचे काम पहिलवान दुसऱ्या कोणाला देत नाही. गाठ तोच मारतो आणि तोच दोनदा ओढून बघतो.

आता मी म्हातारा झालो. मोठ्या ओझ्यांसाठी बॅटरीवर चालणारा एक नवा काटा आला आहे. त्याचे लाल आकडे लांबूनही दिसतात. लहानसहान ओझी अजून माझ्याकडे येतात आणि वहिनी अजून माझी काच पुसतात. मी समाधानी आहे. तुमच्याकडे माझ्यासारखा कोणी असेल, तर एवढे करा. काम झाले की त्याच्या हुकाला ओझे लटकत ठेवू नका, स्प्रिंग थकते. अधूनमधून त्याला पारखून घ्या, कारण आपण चुकतो आहोत हे आम्हांला स्वतःला कळत नाही. आणि लटकणारे, तरंगणारे, घसरणारे काहीही असो, त्याला हलक्यात घेऊ नका. त्याचे ओझे दुसऱ्या कोणीतरी पेललेले असते, इतकेच.

मास्तर दरवर्षी मुलांना घेऊन फेरीबोटीने येतो. समजावून सांगायचे काम आता त्याच्याकडे राहिलेले नाही, ते पहिलवानाने बळकावले आहे. परवा माझ्या हुकाला एक लहानसे इंजिन टांगले होते, तेव्हा एका छोट्या मुलीने माझ्याकडे बोट दाखवून त्याला विचारले, "काका, हा काटा आणि हे इंजिन चंद्रावर नेलं तर?"

"तर सुई इथल्या सहाव्या हिश्शावर उभी राहील," पहिलवान म्हणाला. "तिथं ओढच तेवढी."

"मग तिथं तुम्ही इंजिन एका हातानं थांबवाल?"

मुले हसली. पहिलवानाने आपला डावा हात वर केला. तो आता खांद्याच्या वर जात नाही. मग त्याने त्या मुलीला हलकेच खांद्याला धरून इंजिनाच्या वाटेतून बाजूला घेतले.

"नाही गं बाळा," तो म्हणाला. "चंद्रावरसुद्धा मध्ये उभं राहायचं नाही."